ताटात भलतंच आलं तर कोणाला सांगता, पोऱ्याला की गल्ल्यावर?

कडकभाकरी | रविवार, रात्री १०:५०

मंडळी, दुपारपासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, म्हणून धागा काढतोय.

विजापूर रोडच्या एका मटण खानावळीत जेवायला गेलतो. नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका. सोबत पुण्याहून आलेला मेहुणा, त्याची बायको, आमची ही आणि दोन पोरं. मेहुण्याची मागणी एकच, कडक भाकरी. पुण्यात पाकिटातली मिळते, पण रश्श्यात चुरून खायची ती सोलापुरातच, असं त्याचं म्हणणं. रविवार, दीड वाजलेला, बाहेर नंबर लावून लोक उभे. मी ऑर्डर दिली, "चार सुकं, रस्सा जादा, आणि भाकऱ्या कडक आण." अठरा-एकोणीस वर्षांचा पोऱ्या, लिहून घेऊन गेला.

वीस मिनिटांनी सहा भाकऱ्या आल्या. मऊ, गरम, कडा जरा जास्त भाजलेल्या. म्हटलं, अरे कडक सांगितलेली. तो म्हणतो, "कडकच हाय की मालक, भाजून आणलीय." तेवढ्यात शेजारच्या टेबलावर खऱ्या कडक भाकऱ्यांची चळत आली. झालं. मेहुणा उठला आणि थेट गल्ल्यावर. मालकानं पोऱ्याला अख्ख्या हॉलसमोर बोलावलं आणि सुनावलं, "सहाच्या सहा तुझ्या हिशोबातनं कापणार." पोऱ्यानं कडक भाकऱ्या आणून ठेवल्या. वर बघितलं नाही.

मेहुणा मजेत जेवला. मला घास उतरेना. घरी येताना ही म्हणाली, "तुम्ही त्याला आधीच नीट का नाही सांगितलं?"

तर विचारायचं होतं, यात चूक कोणाची? आणि असं झालं की तुम्ही कोणाला सांगता?

---

होटगीरोडकर | रविवार, रात्री ११:१५

मालकाला. विषय संपला.

पोऱ्याला सांगून काय होतं हो? "बघतो" म्हणतो आणि गायब. मागच्या महिन्यात कांदा-लिंबू तीनदा मागितलं. तिन्ही वेळा "आणतो". जेवण संपून हात धुवायला उठलो तेव्हा आलं. मेहुण्यानं केलं ते बरोबर केलं. पैसे मोजतोय, फुकट जेवत नाही.

---

पूर्वभागातली | रविवार, रात्री ११:३२

कांद्यासाठी मालक? उद्या मिठासाठी कलेक्टर कचेरीत जाल.

माझे वडील यंत्रमागावर होते. कारखाना बंद पडल्यावर चार वर्षं एका हॉटेलात कपबश्या उचलायला होते. फुटली की पगारातून. रात्री घरी आले की आई भाकरी वाढायच्या आधी विचारायची, "आज किती?" आम्हाला लहानपणी वाटायचं, किती कमावले ते विचारतेय. ती किती फुटल्या ते विचारत असायची, हे पुष्कळ उशिरा कळलं.

गल्ल्यावर जाणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की तिथं झालेला हिशोब तिथंच राहत नाही.

---

भट्टीसमोर | सोमवार, सकाळी ७:०५

अकरा वर्षं या धंद्यात काढली. आधी फडकं, मग वेटर, शेवटची चार वर्षं कॅप्टन. आता घरगुती डबे देतो, त्यामुळं कुणाची भीड नाही. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

कडकभाकरी, तुमच्या गोष्टीतली चूक 'कडक' या शब्दाची आहे. तुम्हाला-मला कडक भाकरी म्हणजे डब्यातली, पापडासारखी, आधी करून वाळवून ठेवलेली, कितीतरी दिवस टिकणारी. पण तव्यावर बसलेल्या बाईला "कडक दे" असा आवाज गेला की ती ताजी भाकरी जरा जास्त शेकते. कारण निम्मी गिऱ्हाइकं तीच मागतात. पोऱ्या खोटं बोलत नव्हता. त्यानं मागून आणली ती कडकच होती, तुमची नव्हती. आम्ही नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायचो, कडक म्हटलं की विचार, "डब्यातली का तव्यावरची?" तुमच्या पोऱ्याला हे कुणी शिकवलेलं दिसत नाही. आता ही चूक कुणाच्या हिशोबात धरायची ते तुम्हीच बघा.

तसाच घोळ रोटीचा. आपल्याकडच्या भट्ट्यांवर कलबुर्गी, इंडी, अफझलपूरकडची माणसं खूप. कानडीत ज्वारीची भाकरी म्हणजे 'रोट्टी'. मुंबईचं गिऱ्हाईक "दोन रोटी" म्हणतं, पोऱ्या आत ओरडतो "दोन रोटी", आणि येते ज्वारीची भाकरी. गिऱ्हाइकाला तंदूरची हवी असते. तिघंही आपापल्या जागी बरोबर. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी अशा चार भाषांमधून ऑर्डर भट्टीपर्यंत जाते आणि तरी दहातल्या नऊ वेळा बरोबर ताट येतं, याचंच मला नवल वाटायचं.

तिसरा घोळ टेबल नंबरचा. चिठ्ठी खिळ्याला अडकवतात. इंग्रजीत लिहिलेला सहा उलटा लागला की नऊ. आमच्या मालकानं शेवटी नऊ नंबरच काढून टाकला, आठनंतर थेट दहा. लोक विचारायचे, "नऊ अशुभ असतो का ओ?" आम्ही हो म्हणायचो.

आता चूक कळल्यावर काय. पोऱ्या "कडकच हाय की" असं का म्हणतो, ते सांगतो. ताट परत घेऊन आत जायचं म्हणजे भट्टीवाल्याच्या तोंडी जायचं. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, आत तंदूर पेटलेला, खिळ्यावर वीस चिठ्ठ्या, आणि त्यात हा म्हणणार "बदलून द्या". पहिल्यांदा शिव्या. दुसऱ्यांदा त्याच्या पुढच्या चिठ्ठ्या मुद्दाम खाली सरकतात. म्हणून तो बाहेरच्या बाहेर मिटवायला बघतो, आणि तिथंच फसतो. आमच्याकडं नियम होता, गिऱ्हाइकानं 'हे नव्हे' म्हटलं की पोऱ्याच्या तोंडून पहिला शब्द "बदलून आणतो" हाच निघायला हवा. खरं कोण, खोटं कोण, ते ताट बदलून झाल्यावर. आणि बदलीच्या चिठ्ठीवर कॅप्टनची सही. म्हणजे भट्टीवाला भांडला तर माझ्याशी भांडायचा, पोऱ्याशी नाही.

मालक आणखी एक करायचे. परत गेलेल्या प्रत्येक ताटाची एका वहीत नोंद. कुणाचं नाव नाही, फक्त वार, वेळ, टेबल, काय मागितलं, काय गेलं. दोन महिन्यांनी वही चाळली तर बहुतेक सगळ्या चुका रविवारी दीड ते तीन, आणि त्यातही दोनच टेबलांच्या. त्या टेबलांवर खडखडणारा जुना पंखा होता. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते पोराला ऐकूच जात नव्हतं. पंखा बदलला. त्याआधी त्या दोन टेबलांच्या पोराला आम्ही दोनदा घरी पाठवायला निघालो होतो.

गिऱ्हाइकांनाही दोन शब्द. चूक दिसली की लगेच सांगा, हात लावायच्या आधी. अर्धी कोंबडी संपवून "हे आम्ही मागवलंच नव्हतं" म्हणणारे असतात, आणि त्यांच्यामुळं खऱ्या माणसावरही कुणी विश्वास ठेवत नाही. पोऱ्याला जवळ बोलवा, खालच्या आवाजात सांगा. हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला टाळ्या वाजवून नव्हे. त्यानं ऐकलं नाही तर कॅप्टन. कॅप्टननंही नाही ऐकलं तर जरूर गल्ल्यावर जा, तो तुमचा हक्कच आहे.

आणि एक आतली गोष्ट. न शिवलेली भाकरी दुसऱ्या टेबलावर जाते, त्यात गैर काही नाही. पण वाटीतला रस्सा परत पातेल्यात जाताना मी काही ठिकाणी बघितलाय. म्हणून रस्सा परत देताना वाटीत आपला चमचा बुडवून द्या. कुणाला काही बोलायची गरज नाही.

---

सातरस्ता_सायकल | सोमवार, सकाळी ९:४०

चमच्याची टीप ऐकून आता कुठं जेवायचं कळेना :(

पार्क चौपाटीवर हा प्रश्नच येत नाही बघा. परवा दोन प्लेट डिस्को भजी सांगितली, हातात भेळ आली. शेजारच्याच्या हातात माझी भजी. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि अदलाबदल केली. गाडेवाला कढईतून वर बघेपर्यंत चूक दुरुस्त. फक्त माझ्यातलं एक भजं त्यानं आधीच खाल्लेलं. मी त्याची भेळ चाखलेली होती, त्यामुळं बरोबरी.

---

शेंगाकूट_नको | सोमवार, दुपारी १२:२०

कडक-मऊ भाकरी, कांदा-लिंबू अशा छोट्या चुकांचं वाचून लिहायला बसले. भट्टीसमोर, तुमचा प्रतिसाद आवडला, पण माझ्या घरात छोटी चूक नसते.

मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. सोलापुरात राहून. इथं शेंगाची चटणी ताटात न मागता येते, वांग्यात कूट, आमटीत कूट, भेंडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत तर मूठभर. बाहेर जेवायला जाणं म्हणजे आमच्यासाठी मोहीम असते. मी दरवेळी विचारते, यात शेंगदाणा आहे का? आणि दरवेळी जागच्या जागी उत्तर येतं, "नाही ताई." आत जाऊन विचारून येणारा पोऱ्या मला सात वर्षांत दोनदा भेटला.

दोन वर्षांपूर्वी असंच "नाही ताई" ऐकून त्याला भाजी दिली. तिसऱ्या घासाला ओठ सुजले, अंगावर गांधी, मग श्वास लागला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन पर्समध्ये असतं. ते मांडीत दिलं आणि तसंच दवाखान्यात. निभावलं. नंतर मालक घरी आले, हात जोडत होते. म्हणाले, "आम्ही वरून कूट घालत नाही हो, पण वाटणात असतो." पोऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. वाटणात काय असतं हे त्याला माहीतच नव्हतं, आणि "विचारून सांगतो" म्हणायची त्याला सवय नव्हती.

आता मी पोऱ्याला विचारतच नाही. आत जाऊन वाटण करणाऱ्या मावशींना विचारते. काही ठिकाणी हाकलतात, काही ठिकाणी मावशी स्वतः वेगळी कढई लावतात. आणि "थोडंसं काढून टाका की ताई, एवढ्यानं काय होतंय" असं म्हणणारे नातेवाईक मला वेटरांपेक्षा जास्त भेटलेत.

---

माळकरी_नातू | सोमवार, दुपारी १:०५

ताई, पोरगं सुखरूप आहे ना, वाचताना अंगावर काटा आला.

आमचे आजोबा माळकरी. एका ढाब्यावर शाकाहारी रश्श्यात मटणाचा डाव बुडाला. तुकडा नाही, फक्त डाव. आजोबांनी वासावरून ओळखलं. ओरडले नाहीत, काही नाही, ताट सरकवलं, हात धुतले आणि बाहेर बाजेवर जाऊन बसले. पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत अंघोळ करेपर्यंत अन्नाला शिवले नाहीत. ढाबेवाल्यानं बिल घेतलं नाही आणि सोबत केळी दिली. केळीसुद्धा आजोबांनी पंढरपुरातच खाल्ली.

---

होटगीरोडकर | सोमवार, दुपारी २:३०

शेंगाकूट_नको, तुमचं वाचून गप्प झालो. आमच्याकडं कुणालाच असलं काही नाही म्हणून कधी डोक्यातच आलं नाही.

पूर्वभागातली, कलेक्टर कचेरीचं लागलं बरं का :) पण मालकाकडं जाण्यामागं माझं कारण वेगळं आहे. मी बिलात बऱ्याचदा फसलोय. न मागितलेली पाण्याची बाटली, दोनाच्या तीन भाकऱ्या, कसला तरी 'चार्ज'. ते पोऱ्याच्या हातात नसतं. त्याचं काय करायचं?

---

हिशोबनीस | सोमवार, रात्री ८:१०

बिलाचं मी सांगतो, रोजचंच काम आहे.

साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, नोव्हेंबर २०१७ पासून. पण वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असलेली बरीच हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, आणि तसं बिलावर छापावंही लागतं. कंपोझिशनवाल्याच्या बिलात खाली ५ टक्के लावलेले दिसले तर ते चूक. दारूवर जीएसटी नाही, त्यामुळं परमिट रूममध्ये बिअरसकट एकूण रकमेवर ५ टक्के लावले असतील तर तेही चूक. यातलं निम्मं सॉफ्टवेअर बसवणाऱ्याच्या गाढवपणामुळं होतं, मालकाला पत्ताही नसतो.

सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तशी मार्गदर्शक तत्त्वं ४ जुलै २०२२ ची आहेत, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. काउंटरवर "हा काढा" एवढं शांतपणे म्हणायचं, बहुतेक वेळा काढतात. नाही काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. न मागितलेली बाटली मात्र सील फोडायच्या आधी परत करायची, नंतर भांडण्यात अर्थ नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यावर कुणी लिहिलं नाही. "तुझ्या हिशोबातनं कापणार" हे मालकाच्या मनावर नसतं. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: एका पगाराच्या काळात दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. १२,००० पगार असेल तर महिन्याला फार तर ३६० रुपये. तोही आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घेऊन. दंडाची रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते आणि तो पैसा कामगारांच्याच भल्यासाठी वापरावा लागतो, मालकाच्या गल्ल्यात जात नाही. पंधरा वर्षांखालच्याला दंडच नाही. नुकसानभरपाई म्हणून कापायचं तर जेवढं नुकसान झालं तेवढंच, आणि तेही त्याला बाजू मांडू देऊन.

माझ्याकडं हिशोबाला येणाऱ्या हॉटेलांपैकी दंडाचं रजिस्टर एकाकडंही नाही. कापतात मात्र सगळे.

---

पूर्वभागातली | सोमवार, रात्री ८:४०

हे वडिलांना वाचून दाखवलं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा कपबशी महाग होती."

---

कडकभाकरी | बुधवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

आज संध्याकाळी एकटाच त्या खानावळीत गेलो. गर्दी नव्हती. तोच पोऱ्या आला. मला ओळखलं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण तो टेबलापासून दोन हात लांबच थांबला. म्हणालो, "एक सुकं, आणि कडक भाकरी." तो लगेच म्हणाला, "डब्यातली ना?"

म्हणजे त्याला आता कळलंय. त्या सहा भाकऱ्यांचे पैसे कापले गेल्यावर कळलं की असंच, माहीत नाही.

जेवण झाल्यावर मालकांशी बोललो. हिशोबनीस यांनी लिहिलंय ते कायद्याचं काही काढलं नाही, धीर झाला नाही. एवढंच म्हणालो, "रविवारी आमच्याकडूनच सांगताना गडबड झाली, डब्यातली म्हणायला पाहिजे होतं. त्या भाकऱ्यांचे पैसे माझ्याकडून घ्या." मालक हसले, म्हणाले, "अहो तसं बोलायचं असतं गिऱ्हाइकापुढं, कापतंय कोण?" खरं बोलत होते की नाही, देवाला ठाऊक. पैसे घेतले नाहीत.

मग बाहेर पडताना पोऱ्याच्या हातात शंभराची नोट ठेवली. त्यानं ती माझ्यासमोरच गल्ल्याशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. मला वाईट वाटलं. भट्टीसमोर, हे काय असतं? मालक ठेवून घेतो का?

---

भट्टीसमोर | बुधवार, रात्री १०:२०

नाही नाही, वाईट वाटून घेऊ नका. तो टिपेचा डबा. बहुतेक ठिकाणी शनिवारी रात्री उघडतात आणि सगळ्यांत वाटतात. भट्टीवाला, तव्यावरची बाई, भांडी घासणारी मावशी, सगळ्यांचा वाटा असतो. पोऱ्यानं नोट खिशात घातली असती आणि कुणी बघितलं असतं, तर आत त्याचं काही खरं नव्हतं.

रविवारी त्याला शिव्या घालणाऱ्या भट्टीवाल्यालाही तुमच्या शंभरातले दहा-पंधरा मिळणार बघा. पुढच्या खेपेला भाकरी लवकर येईल.

---

सातरस्ता_सायकल | बुधवार, रात्री १०:३१

अवांतर: मेहुण्याला पुण्याला पाठवायला डब्यातली कडक भाकरी चांगली कुठं मिळते? बायकोनं विचारलंय, म्हणजे माझ्या मेहुण्यासाठी.